गृहस्थाने वास कोठे करावा?

कोणत्या गावी राहावे, हा प्रश्न आपल्या आजोबांच्या पिढीपुढे क्वचितच उभा राहिला असेल. शेत जेथे होते तेथे शेतकरी राहिला. वृत्ती जेथे होती तेथे भिक्षुक राहिला. गिरणी, कचेरी किंवा शाळा ज्या शहरात होती त्या शहरात चाकरमान्याने दोन खोल्यांचे बिऱ्हाड थाटले. अन्नाने गाव ठरविले आणि गावाने पुढचे सारे ठरविले. परंतु २०२० सालच्या महामारीनंतर पुष्कळ गृहस्थांच्या बाबतीत ही जुनी गाठ सुटली आहे. हिशेबनीस, संगणकावर काम करणारे, शिकविणारे, माझ्यासारखे भाषांतर करणारे असे अनेकजण आज घरी बसून दूरच्या कचेरीचे काम करतात आणि त्यांचे वेतन कोणत्याही गावी पोहोचते. त्यामुळे ज्याचा निर्णय पूर्वी परिस्थिती करीत असे, त्याचा निर्णय आता आपणांस करावा लागतो. आणि जेथे निवड आली तेथे धर्माधर्माचा विचारही आला. परिस्थितीने केलेल्या गोष्टीचा दोष परिस्थितीवर घालता येतो. आपण निवडलेल्या गोष्टीचा दोष कोणावर घालणार?

अशा वेळी मनुष्य प्रथम सोयींची यादी करतो, आणि त्यात वावगे काही नाही. चाणक्यनीतीच्या नावाने चालत आलेल्या संग्रहात, जेथे धनिक, वेदवेत्ता, राजा, नदी आणि वैद्य ही पाच नाहीत तेथे एक दिवसही राहू नये, अशा आशयाचा उपदेश आहे. आजच्या भाषेत सांगावयाचे तर पत व रोजगार, विद्या, सुव्यवस्था, पाणी आणि औषधोपचार. मुलेबाळे व वृद्ध मातापिता ज्याच्या घरात आहेत, त्याने ही पाच पाहिल्यावाचून गाव निवडणे हा अविचारच होय. तथापि या यादीत एक न्यून आहे. गाव आपणांस काय देईल हे ती सांगते; आपण गावास काय देणे लागतो हे ती सांगत नाही. आणि घरातील चौघांपैकी कोणासाठी हे सारे पाहावयाचे, हेही ती सांगत नाही.

मग गीता याविषयी काय सांगते? वरवर पाहता गीतेतील वचने गृहस्थास गोंधळात पाडणारी आहेत. सहाव्या अध्यायात भगवान शुद्ध जागेविषयी बोलतात. पण ती जागा आसनाची आहे, बिऱ्हाडाची नव्हे. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना एकांत स्थळाची आवड सांगितली आहे, आणि त्याच ओघात पुत्र, स्त्री, घर इत्यादिकांत गुंतून न पडणेही सांगितले आहे. बाराव्या अध्यायात तर भक्ताला 'अनिकेत' म्हटले आहे. श्रीशंकराचार्यांनी या पदाचा अर्थ ज्याला नियत निवास नाही असा घेतला. श्रीरामानुजाचार्यांनी घरादाराच्या ठायी ज्याची आसक्ती नाही असा घेतला. गृहस्थाला दुसरा अर्थ जवळचा वाटेल. पण केवळ आसक्ती नसावी एवढे म्हटल्याने कोठे राहावे हे काही ठरत नाही.

माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर एखाद्या सुट्या वचनात शोधण्यापेक्षा गीतेच्या प्रसंगातच शोधावे. गीता ज्याला सांगितली तो अर्जुन त्या क्षणी काय मागत होता? तो जागा बदलून मागत होता. हे रणांगण नको. येथून निघून जाऊन भिक्षेवर जगणे बरे, असे तो म्हणाला. स्थलांतर हा त्याच्या विषादावरचा पहिला उपाय होता, आणि भगवंतांनी तो नाकारला. मात्र येथे लक्षात ठेवावयाचे ते हे, की अर्जुनाला जागेवरून हलू न देणाऱ्या याच श्रीकृष्णाने पूर्वी संपूर्ण यादवकुळाचे स्थलांतर केले होते. जरासंधाच्या स्वाऱ्यांनी मथुरा राहण्याजोगी उरली नाही, तेव्हा बायकामुलांसह सारी प्रजा पश्चिम समुद्राकाठी द्वारकेस नेली. ही हकीकत महाभारताच्या सभापर्वात स्वतः श्रीकृष्णच युधिष्ठिरास सांगतात. म्हणजे स्थलांतर हे स्वतः पुण्यही नाही आणि पापही नाही. अर्जुन कर्तव्य मागे टाकून निघत होता. श्रीकृष्ण कर्तव्य बरोबर घेऊन निघाले. अर्जुनाच्या मनात स्वतःचे दुःख होते. श्रीकृष्णांच्या मनात आश्रितांचे रक्षण होते. गाव सोडताना व गाव धरताना हा भेद ज्याने आपल्या मनात पाहिला, त्याला अर्धे उत्तर मिळाले.

उरलेल्या अर्ध्यासाठी मी ज्या नगरीत बसून हे लिहीत आहे तिच्याकडे पाहू. काशीचा महाराष्ट्राशी संबंध केवळ यात्रेचा नाही. येथे आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या संसार करून राहिली आहेत. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा, रामघाट या भागांतील गल्ल्यांत आजही मराठी कानी पडते. सोळाव्या शतकात पैठणचे रामेश्वरभट्ट येथे येऊन स्थायिक झाले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांनी प्रयाग, काशी व गया या तीन क्षेत्रांवर 'त्रिस्थलीसेतु' रचिला. नातवाचे पुत्र गागाभट्ट यांनी १६७४ साली रायगडावर शिवछत्रपतींना राज्याभिषेक केला, हे सर्वश्रुत आहे. याच घराण्यातील कमलाकरभट्टांनी १६१२ साली पूर्ण केलेला 'निर्णयसिंधु' महाराष्ट्रात घरोघरच्या व्रतांचा आणि तिथींचा आधार झाला, आणि नीळकंठभट्टांचा 'व्यवहारमयूख' पुढे इंग्रजी अमदानीत मुंबईच्या न्यायालयांत वारसाहक्काच्या निवाड्यांसाठी उघडला जाऊ लागला. गोदावरीकाठच्या कोपरगावाहून आलेल्या नीळकंठ चतुर्धरांनी सतराव्या शतकात येथेच संपूर्ण महाभारतावर टीका लिहिली. तिच्यात अर्थातच गीताही आली. दक्षिणेतील वादांवर येथील पंडितांनी विश्वेश्वराच्या मुक्तिमंडपात बसून निर्णयपत्रे दिली आणि ती शेकडो कोस दूर पोहोचली. एके ठिकाणी राहून दुसऱ्या ठिकाणचे काम करणे ही गोष्ट आपण समजतो तितकी नवी नाही. नवे आहे ते एवढेच, की पूर्वी जे थोड्या विद्वानांना साधत असे ते आता पुष्कळांना साधते.

या मंडळींनी काशी निवडली, पण काशीचे केवळ घेतले नाही. विश्वनाथाचे मंदिर सोळाव्या शतकात पुन्हा उभे राहिले त्याचे श्रेय परंपरा नारायणभट्टांना देते. त्यांच्या घरी देशोदेशीचे विद्यार्थी शिकले. उलटपक्षी अहल्याबाई होळकर काशीत राहिल्या नाहीत. महेश्वरी राज्य करीत असतानाच त्यांनी १७८० साली विश्वनाथाचे आजचे मंदिर बांधविले. म्हणजे राहूनही देता येते आणि न राहूनही देता येते.

याहून बोधप्रद उदाहरण श्रीएकनाथ महाराजांचे. नाथही पैठणचेच आणि त्याच शतकातले. त्यांनी भागवतावरील आपली टीका १५७३ साली काशीत पूर्ण केली. त्या वेळी त्यांना येथेच राहण्यास कोणती अडचण होती? विद्वानांचा सहवास होता, गंगा होती, मानही मिळाला होता. तरी नाथ पैठणला परतले. गिरिजाबाई, मुले, दारी येणारा अतिथी आणि कीर्तनाला जमणारे लोक यांच्यात राहिले, आणि १५९९ साली गोदावरीतच त्यांनी देह ठेविला. एका गावची, एकाच शतकातील ही दोन घरे. एक काशीत राहिले आणि एक परतले. आमच्या परंपरेने भट्टांना पैठण सोडल्याचा दोष दिला नाही, आणि नाथांना काशी सोडल्याचाही दिला नाही. दोघांनीही आपले काम जेथे अधिक उगवेल तेथे ते पेरले.

येथवर शास्त्र व इतिहास झाला. आता वाचकांची क्षमा मागून थोडे स्वतःविषयी सांगतो. कारण वरील विचार मला ग्रंथांतून जितका कळला त्याहून अधिक माझ्या चुकीतून कळला.

विद्यार्थिदशेत मी अकरा वर्षे काशीत व्याकरण आणि न्याय शिकलो. पुढे विवाह झाला, डोंबिवलीस बिऱ्हाड झाले आणि पुण्यातील एका प्रकाशनसंस्थेसाठी संस्कृत व हिंदीतून भाषांतराचे काम करू लागलो. महामारीनंतर संस्थेने कळविले की काम कोठूनही केले तरी चालेल. ते वाचताच माझ्या मनात दुसरे गाव आलेच नाही. २०२२ साली आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, नऊ वर्षांची कन्या व त्र्याहत्तर वर्षांची आई, दुर्गाघाटाच्या मागील गल्लीत तिसऱ्या मजल्यावर राहावयास आलो. खिडकीतून गंगा दिसत असे. भाडे डोंबिवलीच्या निम्म्याने होते. घरमालकाने सांगितले तेवढे मी घासाघीस न करता मान्य केले आणि त्याला औदार्य समजलो.

तिसऱ्या महिन्यात दूधवाल्याकडून कळले की त्या खोल्यांत आमच्याआधी एक कुटुंब चौदा वर्षे राहत होते. गृहस्थ साडीच्या दुकानात कामाला, घरी पत्नी आणि तीन मुले. नवा भाडेकरू इतके द्यावयास तयार आहे, तुम्हीही तितके द्या, असे मालकाने त्यांना सांगितले. त्यांना ते शक्य नव्हते. ते शिवपूरच्याही पलीकडे राहावयास गेले आणि तो गृहस्थ आता रोज रिक्षाचे भाडे भरून दुकानात येतो. मी कोणास घालविले नव्हते. मला काही ठाऊकही नव्हते. पण दुसऱ्या शहराच्या दराने मिळविलेला पैसा या शहरात आणून मी ओतला आणि त्या ओघात एक घर वाहून गेले, हे खरेच आहे. तिसऱ्या अध्यायात भगवान सांगतात की देवांनी दिलेले त्यांना परत न देता जो एकटा भोगतो तो चोरच होय. हा श्लोक मी शिष्यांना शिकविला होता. त्यातील चोर आपल्या घरात राहत असेल, असे मात्र कधी मनात आले नव्हते.

दुसरी गोष्ट आईची. रस्त्यापासून आमच्या दारापर्यंत गल्ली अरुंद आणि पायऱ्या उंच. गंगेच्या ओढीने आलेली ती माउली चार महिने खाली उतरू शकली नाही. तिची गंगा खिडकीएवढीच राहिली. पुढे भाद्रपदात पाणी चढले. येथील पाण्याची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर धरतात; १९७८ साली ते ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. तितके पाणी त्या वर्षी नव्हते. पण घाट बुडाले होते आणि खालच्या गल्ल्यांत पाणी शिरले होते. अशा एका रात्री आईला धाप लागली. गल्लीत वाहन येईना. शेजारच्या चार तरुणांनी तिला खुर्चीत बसवून, पाण्यातून वाट काढीत सडकेपर्यंत नेले. इस्पितळात पोहोचावयास जो वेळ लागला तो मी येथे लिहीत नाही. भगवत्कृपेने ती वाचली. शुद्धीवर आल्यावर ती हसून म्हणाली, "अरे, काशीत मरण आलं तर सोनंच. पण मला मारायला आणलं नव्हतंस ना रे तू?"

काशीचे माहात्म्य मरणासाठी आहे, असा आपला दृढ समज आहे, आणि आयुष्याच्या अखेरीस क्षेत्रसंन्यास घेऊन पंचक्रोशीबाहेर न जाण्याचे व्रत घेणारे पुष्कळ होऊन गेले. पण ते व्रत ज्याची कर्तव्ये संपली त्याचे आहे. ज्याच्या कन्येचे शिक्षण व्हावयाचे आहे, त्याने ते मनातल्या मनात घेऊन सगळ्या घरावर लादणे हा धर्म नव्हे.

त्या रात्रीनंतर पत्नी मला जे बोलली ते शब्दशः देतो. ती म्हणाली, "अहो, तुम्ही काशी निवडली असं म्हणता. पण मला वाटतं, तुम्ही तुमची वीस वर्षांपूर्वीची काशी निवडलीत. त्या काशीत आई नव्हत्या, मी नव्हते आणि आपली मुलगीही नव्हती." तिने या गावासाठी डोंबिवलीच्या शाळेतील नोकरी सोडली होती, आणि तिने काय सोडले याचा हिशेब मी एकदाही मांडला नव्हता. मी स्वतःला अनासक्त समजत होतो, कारण मी शहरातील सुखसोयी टाकून क्षेत्री आलो होतो. वस्तुतः मी एक आसक्ती टाकून दुसरी अधिक सोवळी आसक्ती धरली होती. भोगाचा मोह ओळखता येतो. तीर्थाचा मोह ओळखणे कठीण, कारण तो धर्माचे वस्त्र नेसून येतो.

मग आम्ही चौघे प्रथमच एकत्र बसलो. वाईस जावे असे मी सुचविले. तेथे कृष्णेचा घाट आहे, प्राज्ञपाठशाळा आहे, मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे, आणि वाईला दक्षिणकाशी म्हणतातच. पण कन्या म्हणाली की तिला आता येथे मैत्रिणी आहेत, हिंदी येते, आणि पुन्हा शाळा बदलावयाची नाही. आई म्हणाली, "गंगा दिसो न दिसो, मला दारात बसून माणसं दिसली पाहिजेत आणि डॉक्टर जवळ पाहिजे." पत्नी म्हणाली की तिला काम पाहिजे. या तिघींचे बोलणे ऐकल्यावर गाव बदलण्याची गरज नव्हती, असे दिसून आले; माझी खिडकी सोडण्याची गरज होती.

आज आम्ही लंका भागात तळमजल्यावर राहतो. काशी हिंदू विश्वविद्यालयाचे सर सुंदरलाल इस्पितळ जवळ आहे. १९१६ साली पंडित मदनमोहन मालवीयांनी विद्यापीठाची स्थापना केली तेव्हा ही वस्ती जुन्या शहराबाहेर होती. आज येथे गर्दी, धूळ, वाहनांचा आवाज सारे काही आहे. उन्हाळा कडक आहे. पत्नीला वर्षभराच्या शोधानंतर एका शाळेत काम मिळाले. आई सकाळ-संध्याकाळ दारात बसते आणि भाजीवालीशी मराठीत बोलते. भाजीवाली भोजपुरीत उत्तर देते. दोघींचे काही अडत नाही. माझ्या मेजासमोर आता भिंत आहे. पहाटे अस्सीपर्यंत चालत जातो, स्नान करून परत येतो आणि कामास बसतो. खिडकीतून गंगा दिसत असताना जेवढे भाषांतर होत असे तेवढेच आताही होते. सहाव्या अध्यायातील शुद्ध जागेला नदीचे दृश्य लागते असे भगवंतांनी कोठेही म्हटलेले नाही.

हे घर घेताना दोन गोष्टी आधी विचारल्या. येथे पूर्वी कोण राहत होते आणि ते का गेले? चालू भाडे किती आहे? चालू भाड्याहून अधिक देऊ केले नाही, कमीही नाही. आठवड्यातून तीन दिवस सायंकाळी आळीतील मुले संस्कृत शिकावयास येतात; त्यांच्याकडून काही घेत नाही. हे दान आहे असे मी मानीत नाही. या गावाच्या ऋणाचा तो हप्ता आहे. दुर्गाघाटाच्या घरमालकास मी जाताना सांगितले की जुन्या कुटुंबास पूर्वीच्या भाड्याने परत बोलवावे. त्याने ऐकले नाही. आणि ते कुटुंबही आता मुलांच्या शाळा तिकडे झाल्याने परत येते ना. त्या गोष्टीचे प्रायश्चित्त मला सापडलेले नाही. तिची आठवण ठेवणे एवढेच हाती आहे.

यावरून इतरांनी काशीत यावे किंवा येऊ नये, असे मी काहीच सांगत नाही. कोणास नाशिक योग्य, कोणास कोल्हापूर, कोणास आपले मूळचे चार हजार वस्तीचे गाव योग्य. पण ज्यांना आज निवडीचे स्वातंत्र्य मिळाले आहे, त्यांनी बांधाबांध करण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. पहिला, मी काही कर्तव्य मागे टाकून निघालो आहे की बरोबर घेऊन? अर्जुनाचे निघणे आणि श्रीकृष्णांचे निघणे यांतील अंतर येथे तपासावे. दुसरा, घरातील सर्वांत दुर्बल माणसाच्या दृष्टीने हे गाव कसे आहे? ज्याला जिना चढवत नाही, ज्याला भाषा येत नाही, ज्याची नोकरी सुटणार आहे, त्याने आधी बोलावे आणि कर्त्याने शेवटी. तिसरा, माझ्या येण्याने या गावात कोणाची जागा जाते, आणि मी जे घेतो त्याची परतफेड कशाने करणार? या तीन प्रश्नांची उत्तरे आल्यावर पाणी, शाळा, वैद्य, आगगाडी यांची यादी अवश्य करावी. आणि साधले तर एक वर्ष भाड्याने राहून उन्हाळा, पावसाळा व थंडी तिन्ही ऋतू पाहावेत, मगच घर बांधावे किंवा विकत घ्यावे.

'अनिकेत' याचा अर्थ मला आता थोडा कळू लागला आहे. ज्याला घर नाही तो अनिकेत असेलही. पण गृहस्थापुरते बोलावयाचे तर, घर मोडण्याची वेळ आली असता जो आपल्या आवडीची खिडकी सोडू शकतो, तो त्या पदाच्या वाटेवर आहे. मी ती खिडकी आपण होऊन सोडली नाही. आईच्या धापेने आणि पत्नीच्या एका वाक्याने ती सोडविली. ज्यांना हे लिखाण वाचून तेवढे दुःख न भोगता ती सोडता येईल, त्यांच्यासाठीच हा लेख लिहिला आहे.

श्रीकृष्णार्पणमस्तु.